गब्बर मेला की पकडला गेला?

'शोले'च्या शेवटी गब्बरचं काय होतं, या साध्या प्रश्नाला आता दोन उत्तरं झाली आहेत. पन्नास वर्षं उत्तर एकच होतं: ठाकूर त्याला तुडवतो, जीव घेणार इतक्यात पोलीस येतात, कायद्याचं प्रवचन होतं आणि गब्बरला घेऊन जातात. 12 डिसेंबर 2025 रोजी दुरुस्त केलेली, न कापलेली प्रत देशभर लागली. तीत पोलीस येतच नाहीत. ठाकूर गब्बरला मारून टाकतो.

प्रेक्षकांत लगेच दोन तट पडले. एक म्हणतो, हाच खरा 'शोले', इतकी वर्षं आपल्याला भेसळीचा माल खपवला. दुसरा म्हणतो, आम्ही ज्या सिनेमावर वाढलो त्याला हात लावू नका. मी पहिल्या तटात उभा आहे, पण 'दिग्दर्शकाला जे हवं होतं तेच खरं' एवढ्या कारणाने नाही. दिग्दर्शकही चुकतात, आणि पुष्कळ सिनेमांना कात्रीने वाचवलेलं आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. सेन्सॉरने लादलेल्या शेवटाने सेन्सॉरचाच हेतू धुळीला मिळवला. सूडाचं उदात्तीकरण नको म्हणून शेवट बदलला आणि जो शेवट उरला त्यात सूड स्वस्त झाला.

काळ लक्षात घ्या. 25 जून 1975 ला आणीबाणी जाहीर झाली. विद्याचरण शुक्ल माहिती व नभोवाणी मंत्री झाले, आणि पडद्यावरच्या हाणामारीकडे सरकारची करडी नजर वळली. 'शोले' तयार होऊन उभा होता. 15 ऑगस्ट ही प्रदर्शनाची तारीख ठरलेली. निर्माते जी. पी. सिप्पींचे सुमारे तीन कोटी त्यात अडकले होते, त्या काळातले तीन कोटी. सेन्सॉर मंडळाचा आक्षेप असा की एक माजी पोलीस अधिकारी कायदा हातात घेऊन माणूस मारतो, हे चालणार नाही. वाद घालायला वेळ नव्हता. कलावंत पुन्हा गोळा झाले, शेवट नव्याने चित्रित झाला आणि सिनेमा ठरल्या दिवशी लागला. तारीख हे मंडळाचं खरं हत्यार. कात्री नंतर येते.

आता मूळ शेवट जरा जवळून पाहू. त्याची तयारी आधीपासून चालते. रामलाल, म्हणजे सत्येन कप्पू, ठाकूरच्या बुटांच्या तळाला खिळे ठोकतो. हात नसलेल्या माणसाला हत्यार त्याच्या नोकराने करून द्यायचं आहे, आणि ते एकेक खिळा ठोकून तयार होतं. हा प्रसंगही तेव्हा कापला गेला. मग ती झुंज. ठाकूर गब्बरचे हात बुटांखाली चिरडतो, कारण हिशेब हातांचाच आहे. शेवटी गब्बर खांबातून बाहेर आलेल्या खिळ्यावर जातो आणि संपतो. इथवर पिटातून शिट्ट्या यायला हरकत नाही. पण सिनेमा इथे थांबत नाही. गब्बर मेल्यावर ठाकूरला करण्यासारखं काही उरत नाही. तो कोसळतो आणि रडतो. संजीव कुमार यांनी सबंध सिनेमाभर चेहरा दगडासारखा ठेवला आहे. दोन मुलगे, सून, मुलगी, नातू पांढऱ्या चादरींखाली ओळीने पडलेले पाहूनही तो फुटला नव्हता. तो आता, सूड पुरा झाल्यावर फुटतो. डोळे पुसायलाही हात नाहीत. वीरू येऊन त्याला कवेत घेतो. वीरूचा मित्र नुकताच गेलेला. ज्याने त्या मित्राला पैसे देऊन या गावात आणलं त्या म्हाताऱ्याला तो सावरतोय.

सूड घेऊन माणसाच्या पदरात काय पडतं, हे यापेक्षा स्पष्ट कोणी सांगायचं? या दृश्यानंतर कुणाला सूडाची चटक लागेल असं मला वाटत नाही.

आणि 1975 मध्ये लोकांनी काय पाहिलं? ठाकूर गब्बरला तुडवतो, तितकाच, पोटभर. प्रेक्षकाला हवा तो आनंद मिळतो. मग शेवटच्या क्षणी पोलीस अधिकारी हजर होतो आणि एकेकाळच्या इन्स्पेक्टरला त्याच्याच खात्याची शिकवण ऐकवतो. ठाकूर थांबतो. रडणं नाही, कोसळणं नाही. बदल्याचं समाधान मिळालं आणि हातही स्वच्छ राहिले! ज्यांना कायद्याचा धाक घालायचा होता त्यांनी मारहाणीचा आनंद शाबूत ठेवला आणि तिची किंमत तेवढी कापून टाकली. त्या प्रवचनातलं एक वाक्य तरी कुणाला पाठ आहे का? गब्बरचं प्रत्येक वाक्य पाठ असलेल्या देशात कायद्याचं हे एकच भाषण कुणाच्या लक्षात राहिलेलं नाही. हेही प्रेक्षकांचं मतच झालं, फक्त ते त्यांनी तोंडाने सांगितलं नाही.

बरं, कायद्याची एवढी चाड होती तर तीन तास काय झोपले होते? एक निवृत्त अधिकारी दोन सराईत चोरांना सुपारी देतो, आगाऊ रक्कम मोजतो, सरकारी इनामाचे पन्नास हजारही तुम्हीच घ्या म्हणतो. पाठोपाठ माणसं मरतात. ह्या सगळ्याला हरकत नाही. हिटलरछाप मिशांचा जेलर आणि त्याचा खबऱ्या हरिराम नाई भर आणीबाणीत पास झाले, हे तर आश्चर्यच. (असरानींचा तो जेलर आणीबाणी यायच्या आधीच चित्रित झालेला होता. पण ज्या महिन्यांत खरेच तुरुंग भरत होते त्या महिन्यांत तो पडद्यावर आला, हे विसरता येत नाही.) अडलं ते नेमकं शेवटच्या पाच मिनिटांत. त्याच वर्षी 'दीवार'मध्ये इन्स्पेक्टर भाऊ सख्ख्या भावाला गोळी घालतो, ते चाललं. अंगावर वर्दी होती ना. म्हणजे हिंसेपेक्षा वर्दीशिवायची हिंसा मंडळाला अधिक बोचत होती.

प्रेक्षकाला काय झेपेल हे दुसऱ्यांनीच ठरवायची सवय सरकारपुरती नव्हती. 'शोले'चा दुसरा एक शेवटही बदलता बदलता राहिला, आणि तो किस्सा या वादात फार कामाचा आहे. सिनेमा लागला तेव्हा पहिल्या काही दिवसांत प्रतिसाद थंड होता. धंद्यातल्या जाणकारांनी पडला म्हणून सांगून टाकलं. एका इंग्रजी पाक्षिकाच्या समीक्षकाने तर त्याला विझलेला निखारा ठरवलं. निर्माते, दिग्दर्शक, लेखक चिंतेत एकत्र बसले. जय मरतो हे लोकांना रुचत नसावं, अमिताभला जिवंत ठेवून शेवट पुन्हा चित्रित करू या, अशी चर्चा झाली. रमेश सिप्पी म्हणाले, सोमवारपर्यंत थांबू. थांबले. उलट सलीम-जावेद यांनी व्यवसायपत्रात जाहिरात देऊन ठणकावलं की प्रत्येक मोठ्या विभागात हा सिनेमा एक कोटीचा धंदा करेल. तो आकडाही पुढे कमी ठरला.

जय मेलाच. लोक रडले, आणि पुन्हा तिकीट काढून पुन्हा रडायला गेले. लॅमिंग्टन रोडवरच्या मिनर्व्हात हा सिनेमा पाच वर्षं होता, त्यातली तीन रोजच्या खेळांत आणि पुढची मॅटिनीला. आवडता नायक मरतो, विधवा राधाच्या आयुष्यात उघडू पाहणारी खिडकी पुन्हा बंद होते, तरी प्रेक्षक उठून गेला नाही. ज्या प्रेक्षकाला हे झेपलं त्याला ठाकूरचं रडणं झेपलं नसतं असं म्हणायला आधार काय? धंदेवाल्यांची भीती खोटी ठरली, कारण ती अंमलात आणायच्या आधी त्यांनी दोन दिवस वाट पाहिली. सरकारच्या भीतीची परीक्षाच कधी झाली नाही.

प्रेक्षकांचं मत बनायला वेळ लागतो, हे यातून दिसतंच. शिवाय 'शोले'च्या बाबतीत ते मत पुष्कळसं कानांनी बनलं. आर. डी. बर्मन यांच्या गाण्यांच्या तबकड्या सुरुवातीला अपेक्षेइतक्या खपेनात, तेव्हा पॉलिडोर या तबकडी कंपनीने संवादांची तबकडी काढली आणि तिने गाण्यांना मागे टाकलं. आपल्याकडे गणपतीच्या मांडवात आरती आणि भावगीतांच्या मधल्या वेळात कर्ण्यावरून 'कितने आदमी थे' घुमायचं. सिनेमा न पाहिलेल्या पोरालाही सांबा कोण ते ठाऊक असायचं. खलनायकाने ग्लुकोज बिस्किटाची जाहिरात करावी आणि आयांनी तीच बिस्किटं मुलांना आणून द्यावीत, असं दुसरं उदाहरण मला आठवत नाही. सेन्सॉरने ज्याला तुरुंगात पाठवला त्याला लोकांनी घरी आणला. पोलिसांच्या गाडीत बसून गेलेला गब्बर कुणाच्या मनात कधी तुरुंगात बसलेलाच नाही.

आता विरुद्ध बाजूचं म्हणणं. त्यातलं एक मला खरोखर वजनदार वाटतं: पाच वर्षं मिनर्व्हात चालला तो हा, कापलेलाच सिनेमा होता. देशाने ज्याला डोक्यावर घेतलं तो हाच. मग आज मूळ शेवट जोडून 'हा खरा' म्हणताना आपण लोकांच्या आठवणीतला सिनेमा पुसत नाही का? पुसतो, जर जुनी प्रत मिळेनाशी झाली तर. 1975 ची प्रतही जपायला हवी, उपलब्ध असायला हवी, आणि सुरुवातीला एक पाटी हवी की हा शेवट आणीबाणीत मंडळाच्या आग्रहावरून चित्रित केलेला आहे. तो आणीबाणीचा कागद आहे, आणि असे कागद फाडायचे नसतात. पण थिएटरात नव्या पिढीला पहिल्यांदा दाखवताना कोणता दाखवायचा, असं विचाराल तर मूळचा. सवय झाली म्हणून चूक बरोबर होत नाही. मूळ शेवट गेली कित्येक वर्षं कॅसेटवर, डीव्हीडीवर, मग इंटरनेटवर फिरतच होता; ज्यांना माहीत होता ते आपसात हळू आवाजात बोलायचे, एवढंच.

दुसरा आक्षेप आजचा आहे. चकमकीत आरोपी मारला गेला की पेढे वाटणाऱ्या समाजाला, बुलडोझरला टाळ्या देणाऱ्या समाजाला, ठाकूरने गब्बरला मारलेलं दाखवणं म्हणजे आगीत तेल नाही का? असं विचारणाऱ्यांची कळकळ मला समजते. पण गेल्या काही वर्षांतले गाजलेले मारधाडपट आठवा. नायक डझनांनी माणसं कापतो, मंद गतीत रक्त उडतं, संगीत चढतं आणि नायक चष्मा नीट करून निघून जातो. मारल्यानंतरची पाच मिनिटं त्यांत कुठेच नसतात. 'शोले'च्या मूळ शेवटात नेमकी तीच पाच मिनिटं आहेत. चकमकीला टाळ्या देणाऱ्याला दाखवायचं असेल तर हेच दाखवा: ज्याचं सगळं घर मारलं गेलं, ज्याचा सूड घेण्याचा हक्क कुणालाही पटेल, तो माणूससुद्धा नंतर कसा दिसतो ते.

कात्रीबद्दलही एक सांगायला हवं, नाहीतर मी कापण्याच्याच विरुद्ध आहे असा समज व्हायचा. 'शोले' कापणाऱ्या हातांनीच मोठा केला. अहमदचं मरण बघा. सचिन पिळगावकर यांनी केलेला तो कोवळा मुलगा नोकरीसाठी शहराकडे निघालाय. गब्बर आडवा पडलाय, हातावर मुंगी चालतेय. तो तिच्याकडे पाहतो, आणि चापट मारतो. पुढच्या दृश्यात घोडा प्रेत घेऊन गावात येतो. मुलाला मारलेलं आपण पाहत नाही, तरी दृष्टीआड होत नाही. ठाकूरच्या हातांचंही तसंच: तलवारी वर जातात आणि पुढच्या क्षणी आपण आजच्या काळात असतो, वाऱ्याने शाल घसरते, रिकाम्या बाह्या लोंबतात. नातवावर बंदूक रोखली जाते आणि गोळीचा आवाज आगगाडीच्या आवाजात मिसळतो. हे संकलन माधव शिंदे यांचं. नऊ नामांकनांपैकी 'शोले'ला त्या वर्षी फिल्मफेअरचा एकच पुरस्कार मिळाला, तो शिंद्यांना. सर्वोत्कृष्ट चित्रपट 'दीवार' ठरला. (2005 साली त्याच फिल्मफेअरने 'शोले'ला पन्नास वर्षांतला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हटलं. मत बनायला वेळ लागतो तो असा.) शिंद्यांची कात्री हिंसा झाकून ती अधिक जाणवू देते. मंडळाच्या कात्रीने हिंसा दिसू दिली आणि तिचा परिणाम झाकला. दोन्ही कात्र्या एकाच सिनेमावर चालल्या, त्यामुळे फरक समजून घ्यायला दुसरीकडे जायला नको.

सगळंच चोरलेलं आहे, मग एवढं काय कौतुक, असंही एक मत नेहमी ऐकू येतं. कुरोसावाचे सात सामुराई आहेत, इटालियन बनावटीचे काउबॉयपट आहेत, आणि घरचाच 1971 चा 'मेरा गाँव मेरा देश' आहे, ज्यात डाकू जब्बर सिंग आहे, धर्मेंद्रच आहे आणि एक हात गमावलेला माजी सैनिक आहे. तो सैनिक झाले होते जयंत, म्हणजे अमजद खानचे वडील. ऋण उघड आहे. पण या वादात ते गैरलागू आहे. हात नसलेल्या माणसाचं सूड घेऊन रडणं यांतल्या कुणाकडून आणलेलं मला तरी दिसत नाही. नेमकं तेच कापलं गेलं.

आज काय परिस्थिती आहे? 1983 मध्ये मंडळाच्या नावातला 'सेन्सॉर' गेला आणि 'प्रमाणन' आलं. 2023 च्या दुरुस्तीने यूए, म्हणजे मुलांनी पालकांच्या सल्ल्याने पाहायच्या, प्रमाणपत्रात सात, तेरा आणि सोळा वर्षांचे टप्पे आले. कागदावर ही दिशा बरोबर आहे: कुणी पाहावं ते सांगा, काय असावं ते सांगू नका. पण कापाकापी चालूच आहे. त्यातच 2021 साली अपिलाचं न्यायाधिकरण रद्द झालं. आता मंडळाचा निर्णय पटला नाही तर निर्मात्याला उच्च न्यायालय गाठावं लागतं. थिएटरं ठरली आहेत, व्याज चढतंय, पोस्टरं लागली आहेत, अशा वेळी कोर्टाची पायरी किती जण चढतील? बहुतेक जण सिप्पींनी केलं तेच करतात. आपल्याकडे कमलाकर सारंगांनी 'सखाराम बाइंडर'साठी नाटकांच्या परिनिरीक्षण मंडळाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयापर्यंत झुंज दिली आणि ती जिंकली. नाटक सुरू होतं, कोर्टात खटला होता आणि रस्त्यावर निदर्शनं. पण ते नाटक होतं. पडदा पुन्हा वर करता येतो. तीन कोटींचा सिनेमा कोर्टाच्या तारखांवर टांगता येत नाही.

शिवाय कापलेलं परत मिळेलच असं नाही, आणि 'शोले'ची ही बाजू फारशी बोलली जात नाही. मूळ निगेटिव्ह खराब होऊन गेली होती. मूळ शेवट पाहायला मिळतोय तो लंडनच्या एका गोदामात आणि मुंबईत सापडलेल्या इंटरपॉझिटिव्ह, म्हणजे निगेटिव्हवरून काढलेल्या मधल्या, प्रतींमुळे. शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने सिप्पी फिल्म्सबरोबर सुमारे तीन वर्षं खपून, इटलीतल्या बोलोन्याच्या प्रयोगशाळेत ती प्रत उभी केली आणि 27 जून 2025 ला तिथल्याच चौकात उघड्यावर दाखवली. देशातल्या सर्वांत गाजलेल्या सिनेमाची ही गत. ज्या सिनेमांमागे सिप्पी नाहीत, पन्नाशी साजरी करायला कुणी नाही, त्यांचे कापलेले तुकडे कुठल्या गोदामात असतील?

म्हणून मागणी अगदी व्यवहारातली आहे. मंडळाने सुचवलेला प्रत्येक काप, कारणासकट, कुणालाही वाचता येईल असा जाहीर व्हावा. अपिलासाठी महिन्याच्या आत निकाल देणारी जागा पुन्हा उभी राहावी. आणि कापलेला भाग पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात, निर्मात्याच्या नावाने, नीट तापमानात ठेवला जावा. 1964 पासून ते संग्रहालय आहे, ज्ञान आहे, माणसं आहेत. अपिलाच्या जागेसाठी कायद्यात दुरुस्ती लागेल; बाकीच्या दोन गोष्टींना नियमांत दोन ओळी घातल्या तरी पुरे.